हुलिगन : हिल्सबरोच्या गर्दीवर मारलेला शिक्का

इंग्रजीत गोंधळ घालणाऱ्यांसाठी शब्दांची कमतरता नाही. व्हँडल म्हणजे मोडतोड करणारा, रायटर म्हणजे दंगलीत उतरलेला, रावडी म्हणजे दांडगट, थग म्हणजे अंगावर येणारा गुंड. शिवाय आपल्याकडच्या इंग्रजी दैनिकांचा जुना लाडका ‘मिसक्रिएंट’ आहेच, जो बस पेटवतो आणि कधीच सापडत नाही. या सगळ्यांत ‘हुलिगन’ जरा वेगळा. कोशात त्याच्यापुढे हुल्लडबाज, दंगेखोर, मवाली असे अर्थ मिळतात आणि ते बरोबरही आहेत. पण हुलिगनने नेमकं केलं काय, हे त्या शब्दातून कळत नाही. काच फोडली, कुणाचं डोकं फोडलं, की नुसताच आरडाओरडा केला? माणूस कुठल्या जातकुळीचा, एवढंच शब्द सांगतो. पुढचं ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

या ‘समजून घेण्या’ची किंमत किती पडू शकते, याचं इतकं तपासलेलं, कागदोपत्री इतकं भक्कम दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. ठिकाण इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो मैदान, तारीख १५ एप्रिल १९८९. पुण्या-मुंबईत लिव्हरपूलची जर्सी घालून टर्फवर खेळणारी पोरं हल्ली पुष्कळ दिसतात. त्या क्लबच्या अलीकडच्या जर्सीवर मानेमागे दोन ज्योतींच्या मध्ये ९७ हा आकडा असतो. तो त्या दिवशीच्या चेंगराचेंगरीत जीव गेलेल्यांचा.

आधी शब्दाबद्दल थोडं. तो फार जुना नाही. १८९८ च्या उन्हाळ्यात, ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या सुमारास, लंडनच्या पोलीस कोर्टांच्या बातम्यांतून तो अचानक वर आला. रस्त्यात टोळक्याने फिरणाऱ्या, येणाऱ्याजाणाऱ्यांना धक्के मारणाऱ्या, पोलिसांशी झोंबणाऱ्या गरीब वस्तीतल्या पोरांना पेपरवाल्यांनी हे नाव दिलं. मुळात ते आयरिश आडनाव. साउथवर्क भागातल्या पॅट्रिक हूलिगन नावाच्या दांडगटाची गोष्ट सांगतात, रंगमंचावरच्या गाण्यातल्या एका आयरिश कुटुंबाचीही सांगतात. गोष्ट कुठलीही घ्या, शब्दाला जन्मापासूनच ‘ती खालच्या वस्तीतली, बाहेरून आलेली माणसं’ असा वास आहे. आणि लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं सगळ्यांत आयरिश वळणाचं शहर. १८४० च्या दशकातल्या दुष्काळात आयर्लंडमधून निघालेली माणसं तिथेच उतरली आणि त्यातली कितीतरी तिथेच राहिली.

पुढे हा शब्द रशियात गेला आणि तिथे तर थेट फौजदारी गुन्हा होऊन बसला. २०१२ मध्ये मॉस्कोच्या कॅथीड्रलमध्ये पुतिनविरोधी गाणं म्हणणाऱ्या ‘पुसी रायट’ गटातल्या तीन तरुणींना दोन वर्षांची शिक्षा झाली, ती याच ‘हुलिगानस्त्वो’च्या कलमाखाली. गंमत अशी की इंग्लंडच्या कायद्यात या नावाचा गुन्हाच नाही. तिथे मारहाणीचा, मोडतोडीचा, दंगलीचा खटला चालतो, ‘हुलिगनपणा’चा नाही. शब्द राहिला पेपरवाल्यांच्या, मंत्र्यांच्या आणि पोलिसांच्या तोंडी. कायद्याने त्याची व्याख्या केली असती तर निदान कुणाला तरी पुरावा मागता आला असता.

फुटबॉलला तो १९६० च्या दशकापासून चिकटला, आणि चिकटायला कारण होतं हे आधीच सांगून टाकतो. वेस्ट हॅमची ‘इंटर सिटी फर्म’, मिलवॉलचे ‘बुशवॅकर्स’, चेल्सीचे ‘हेडहंटर्स’ ही टोळकी खरी होती. शनिवारी गावोगाव जाऊन दुसऱ्या क्लबच्या टोळक्याशी हाणामारी करणं, हाच त्यांचा खेळ. १३ मार्च १९८५ ला ल्युटनच्या मैदानात मिलवॉलच्या लोकांनी खुर्च्या उपटून पोलिसांवर फेकल्या. त्याच वर्षी २९ मे ला ब्रसेल्सच्या हेझेल मैदानात युरोपियन कपची फायनल सुरू होण्याआधी लिव्हरपूलचे पाठीराखे युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर चालून गेले. पळापळीत भिंत कोसळली, ३९ माणसं गेली, त्यात बहुतेक इटालियन. इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर काढलं, लिव्हरपूलला सहा. बेल्जियमच्या कोर्टाने लिव्हरपूलच्या १४ समर्थकांना मनुष्यवधासाठी दोषी धरलं. तिथे हुलिगन म्हणणं चूक नव्हतं. कोणी, कुठे, काय केलं हे बोट ठेवून दाखवता येत होतं.

घोळ पुढे झाला. टोळक्यांसाठीचा शब्द हळूहळू फुटबॉल पाहायला जाणाऱ्या प्रत्येकावर पसरला. ‘द संडे टाइम्स’ने १९८५ मध्ये अग्रलेखात फुटबॉल हा झोपडपट्टीतला खेळ आहे, झोपडपट्टीसारख्या मैदानांत खेळला जातो आणि बघणारेही अधिकाधिक झोपडपट्टीतलेच आहेत, असं लिहून टाकलं. चेल्सीचे अध्यक्ष केन बेट्स यांनी प्रेक्षकांपुढच्या कुंपणाला विजेची तार लावली, गुरांसाठी लावतात तसली. लंडनच्या कौन्सिलने वीज सोडू दिली नाही म्हणून ती कोरडीच राहिली. थॅचर सरकारने तर प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचं करायचा कायदा काढला. हिल्सबरो घडलं तेव्हा ते विधेयक संसदेतच होतं.

आणि कुंपणं आली. हिल्सबरोच्या लेपिंग्ज लेन बाजूला, गोलपोस्टच्या मागे, उभं राहून सामना पाहायच्या पायऱ्या होत्या. १९७७ मध्ये त्यांच्यापुढे उंच जाळी बसवली. १९८१ मध्ये तिथेच टॉटनहॅम आणि वुल्व्हज यांच्या उपांत्य सामन्यात रेटारेटी होऊन ३८ जण जखमी झाले. लोकांना मैदानाच्या कडेला बाहेर काढल्यामुळे ते त्या वेळी निभावलं. त्यातून घेतलेला धडा असा, की पायऱ्या आणखी आडव्या जाळ्यांनी तोडून त्यांचे कप्पे केले. या कप्प्यांना इंग्रजीत ‘पेन’ म्हणत, जो शब्द मेंढ्यांच्या वाड्यालाही वापरतात. समोरच्या जाळीत अरुंद दारं होती, आणि पोलिसांच्या लेखी आदेशात बजावलं होतं की वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पायऱ्यांवरून कुणालाही मैदानाच्या बाजूला येऊ द्यायचं नाही. औषधोपचार लागले तर अपवाद. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चं होतं. मधल्या बदलांनंतर ते कुणी सुधारलं नव्हतं.

इथे दोन जुन्या घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डच्या मैदानात जुन्या लाकडी स्टँडला आग लागली. ५६ माणसं गेली. मागच्या बाजूच्या कुलूपबंद दारांकडे धावलेले अडकले. पण समोर जाळी नव्हती, म्हणून शेकडो लोक उडी मारून सरळ मैदानात गेले आणि वाचले. दुसरी घटना त्याहून जुनी. ९ मार्च १९४६, बोल्टनचं बर्न्डन पार्क. तिथेही मर्यादेपेक्षा जास्त लोक एका टोकाला आत शिरले, लोखंडी अडसर मोडले, ३३ जण गुदमरून मेले. चौकशी झाली. चौकशीकर्त्याने विचारलं काय, तर आत किती माणसं मावतात, किती आली हे कोण मोजतं, दार कधी बंद करायचं हे कोण ठरवतं. फुटबॉल आणि हुलिगन हे दोन शब्द तेव्हा अजून जोडीने बोलले जात नव्हते, त्यामुळे प्रश्न सरळ विचारले गेले. १९८९ मध्ये तेच प्रश्न पहिल्या दिवशी कुणी अधिकाऱ्याने विचारले नाहीत.

आता तो शनिवार. एफए कपचा उपांत्य सामना, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सुरुवात दुपारी ३ वाजता. लिव्हरपूलचे पाठीराखे संख्येने जास्त असूनही त्यांना मैदानाची लहान बाजू दिली होती. कारण एकच, दोन्हीकडचे लोक ज्या दिशेने शहरात येतात तिथूनच त्यांना वेगवेगळं आत घ्यायचं, म्हणजे गाठ पडून मारामारी नको. म्हणजे मारामारीचा विचार आधी, जागेचा नंतर. लिव्हरपूलच्या साधारण २४,००० तिकीटधारकांसाठी २३ फिरती दारं होती, आणि त्यातल्या १०,१०० उभ्या प्रेक्षकांसाठी फक्त सात. वाटेत एम-६२ महामार्गावर रस्त्याची कामं चालू असल्याने बऱ्याच जणांना उशीर झाला. अडीचच्या सुमारास दारांपुढच्या छोट्या मोकळ्या जागेत पोलिसांचे घोडेसुद्धा हलेनात एवढी गर्दी झाली. सामना १५-२० मिनिटं पुढे ढकलता आला असता. ढकलला नाही.

बंदोबस्ताचे प्रमुख होते चीफ सुपरिंटेंडेंट डेव्हिड डकनफील्ड. हे पद मिळून त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते, आणि आधीच्या वर्षीचा असाच सामना सांभाळलेल्या अनुभवी अधिकाऱ्याची बदली झाली होती. बाहेरच्या अधिकाऱ्याने रेडिओवरून पुन्हा पुन्हा विनंती केली, मोठं दार उघडा, नाहीतर इथे माणसं मरतील. २ वाजून ५२ मिनिटांनी डकनफील्ड यांनी ‘सी’ दार उघडायला सांगितलं. अंदाजे २,००० लोक आत आले. धक्काबुक्की नव्हती, चालत आले, हे कॅमेऱ्यातही दिसतं. समोरच एक उताराचा बोगदा होता, वर लिहिलं होतं ‘स्टँडिंग’. तो थेट मधल्या कप्पा क्रमांक ३ आणि ४ मध्ये उतरत होता. ते दोन्ही आधीच भरलेले होते. कडेच्या कप्प्यांत भरपूर जागा होती, पण तिकडे जायची वाट नव्या माणसाला सापडण्यासारखी नव्हती आणि दाखवायला कुणी उभं नव्हतं. दार उघडताना बोगदा बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरतात असा आपला समज असतो. इथे बहुतेक उभ्या उभ्या गेली. छाती चारी बाजूंनी इतकी आवळली जाते की श्वास आत घ्यायला फासळ्यांना जागाच उरत नाही. काही मिनिटांत शुद्ध जाते, पण माणूस पडत नाही, कारण पडायला जागा नसते. मागून बोगद्यातून येणाऱ्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही. त्याला वाटतं, जरा सरकलं तर होईल. कप्पा ३ मधला अडसर क्रमांक १२४ ए वाकून तुटला आणि माणसं एकमेकांवर कोसळली. पुढच्या रांगेतल्यांचे चेहरे जाळीवर दाबले गेले होते. वरच्या वेस्ट स्टँडमधले लोक खाली वाकून, हात देऊन खालच्यांना अक्षरशः उपसून वर घेत होते. लिव्हरपूलचा गोलरक्षक ब्रूस ग्रॉबेलार जाळीपासून काही पावलांवर होता. त्याला मागून लोक नाव घेऊन हाका मारत होते. दार उघडा, असं तो पोलिसांना ओरडून सांगत होता. ३ वाजून ६ मिनिटांनी पंचांनी सामना थांबवला.

आणि पोलिसांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. नियंत्रण कक्ष मैदानाच्या त्याच कोपऱ्यात, या कप्प्यांच्या वर होता. खिडकी होती, कॅमेऱ्याचे पडदे होते. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे. जाळीवर चढणारी माणसं तिथल्यांना दिसली, ती मैदानात घुसणारी माणसं म्हणून. राखीव कुमक मागवली गेली, कुत्र्यांची पथकं मागवली गेली. जाळीतलं एक छोटं दार रेट्याने उघडलं तेव्हा बाहेर पडणाऱ्या काहींना पोलिसांनी पुन्हा आत लोटलं. थोड्या वेळाने पोलिसांची एक रांग मैदानाच्या मध्यरेषेवर उभी राहिली, फॉरेस्टच्या प्रेक्षकांकडे कुणी जाऊ नये म्हणून. त्या रांगेच्या अलीकडे लोक जाहिरातींचे फलक उपटून त्यांचे स्ट्रेचर करत होते आणि माणसं पळवत नेत होते. मोडतोड म्हणायची तर ती एवढीच झाली.

त्या पोलिसांत दुष्ट माणसं भरली होती असं मी म्हणत नाही. कित्येक शिपाई जाळी हातांनी फाडत होते, लोकांच्या तोंडात श्वास भरत होते. पण कित्येक वर्षं ज्यांना ‘फुटबॉल म्हणजे हुलिगन’ हेच शिकवलं, त्यांच्या नजरेला जाळीवरचा माणूस आधी हल्लेखोर दिसणार आणि मग मरणारा. त्या ‘आधी’ आणि ‘मग’ यांच्यामध्ये मिनिटं गेली, आणि गुदमरणाऱ्या माणसाजवळ मिनिटंच असतात.

यानंतर शब्दाचा वापर बदलला. आधी तो समज होता, आता बचाव झाला. सामना थांबल्यावर काही मिनिटांतच डकनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनचे ग्रॅहम केली यांना सांगितलं की लिव्हरपूलच्या लोकांनी दार फोडून आत घुसखोरी केली. ते दार त्यांनी स्वतः उघडायला लावलं होतं. केलींनी पत्रकारांना तेच सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ते जगभर गेलं. मृतांचं रक्त काढून त्यात दारू किती ते तपासलं, लहान मुलांचंसुद्धा. सगळ्यांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता. ज्यांच्या रक्तात दारू सापडली त्यांची नावं पोलिसांच्या संगणकावर टाकून आधीचे गुन्हे आहेत का ते पाहिलं गेलं. हे २०१२ मध्ये कागद उघडे झाल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी, १९ एप्रिलला, ‘द सन’ने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘सत्य’ असा मथळा देऊन तीन आरोप छापले. काही पाठीराख्यांनी मृतांचे खिसे मारले, पोलिसांवर लघवी केली, कृत्रिम श्वास देणाऱ्या शिपायाला मारलं. मजकूर शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आला होता. त्या संस्थेला तो दिला होता पोलीस अधिकाऱ्यांनी आणि एका स्थानिक खासदाराने. त्यातलं काहीही सिद्ध झालं नाही. संपादक केल्विन मॅकेन्झी यांच्या त्या पानामुळे लिव्हरपूलमध्ये आजही कित्येक दुकानदार तो पेपर ठेवत नाहीत. एखाद्या वर्तमानपत्रावर एखाद्या शहराने इतका काळ टाकलेला बहिष्कार मला दुसरा आठवत नाही.

विशेष म्हणजे सत्य बाहेर यायला फार वेळ लागला नव्हता. सरकारने चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती टेलर यांचा अंतरिम अहवाल ऑगस्ट १९८९ मध्येच आला आणि त्यात स्पष्ट होतं, मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण कोलमडणं. दारूचा बाऊ करण्यात आला होता, दार फोडल्याची गोष्ट खोटी होती. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालानंतर ओळखपत्रांची योजना गुंडाळली गेली, जाळ्या निघाल्या आणि मोठ्या मैदानांत सगळ्यांसाठी खुर्च्या आल्या. आज टीव्हीवर प्रीमियर लीगमध्ये प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये जाळी दिसत नाही, त्याचं मूळ हे.

तरीही शब्द हटला नाही. अहवाल वाचणारे मोजके, मथळा वाचलेले लाखो. थॅचर यांचे माध्यम सचिव बर्नार्ड इंगहॅम कित्येक वर्षांनंतरही दारू ढोसून आलेल्या जमावाचाच उल्लेख करत राहिले. १९९१ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निकाल लागला, ‘अपघाती मृत्यू’. त्या चौकशीत ३ वाजून १५ मिनिटांनंतरचा पुरावा विचारातच घेतला नव्हता, कारण तोवर सगळ्यांचा जीव वाचण्यापलीकडे गेला होता असं गृहीत धरलं होतं. १२ सप्टेंबर २०१२ ला लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने लाखो कागद तपासून अहवाल दिला. तेव्हा दिसलं की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते, आणि त्यातल्या ११६ मधून बंदोबस्तावर टीका करणारा मजकूर काढला किंवा फिरवला होता. वेळेवर उपचार मिळते तर ४१ जण कदाचित वाचू शकले असते, हेही त्यातच आलं. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. जुना निकाल रद्द झाला.

नवी चौकशी वॉरिंग्टनमध्ये दोन वर्षं चालली. मार्च २०१५ मध्ये साक्ष देताना डकनफील्ड यांनी दाराबद्दल आपण खोटं बोललो होतो हे कबूल केलं. २६ एप्रिल २०१६ ला ज्यूरीने निकाल दिला, मृत्यू बेकायदा घडवलेले. ज्यूरीपुढे एकूण १४ प्रश्न होते. सातवा प्रश्न असा, की समर्थकांच्या वागण्यामुळे धोका निर्माण झाला किंवा वाढला का? उत्तर, नाही. कोर्टाबाहेर कुटुंबीयांनी कशाची वाट पाहिली होती, तर या एका ‘नाही’ची. सत्तावीस वर्षं ते आपल्या मुलांच्या मृत्यूचा न्याय मागत होते, आणि त्याआधी दरवेळी आपली मुलं हुलिगन नव्हती हे सिद्ध करत होते.

शिक्षेचं म्हणाल तर ते लवकर आटपतं. डकनफील्ड नोव्हेंबर २०१९ मध्ये निर्दोष सुटले. हिल्सबरो मैदान ज्यांचं, त्या शेफील्ड वेन्सडे क्लबच्या तेव्हाच्या सचिवाला दारांच्या नियोजनाबद्दल ६,५०० पौंड दंड झाला. जबाब बदलल्याचा खटला मे २०२१ मध्ये कोसळला, कारण ते जबाब न्यायालयीन कामकाजासाठी नव्हे तर सार्वजनिक चौकशीसाठी होते, असा मुद्दा निघाला. त्याच वर्षी जुलैत, त्या दिवशीच्या जखमांशी ३२ वर्षं झगडलेला एक जण गेला आणि आकडा ९७ झाला. सरकारी अधिकाऱ्यांवर खरं बोलण्याचं बंधन घालणारं विधेयक ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं सप्टेंबर २०२५ मध्ये.

आता वापराबद्दल. हेझेल आणि हिल्सबरो या दोन घटनांत क्लब तोच, शहर तेच, फरक चार वर्षांचा. पहिल्या ठिकाणी हुलिगन हा शब्द एका कृत्यानंतर आला, दुसऱ्या ठिकाणी कृत्याच्या आधीच हजर होता. शब्द योग्य की अयोग्य हे मी तरी यावरून ठरवतो. बातमीत ‘हुलिगन’ दिसला की लगेच विचारावं, क्रियापद कुठे आहे? कोणी काय केलं, ते कोणी पाहिलं? इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी मराठीत करताना ‘हुल्लडबाज प्रेक्षकांमुळे चेंगराचेंगरी’ असा मथळा हाताशी आयताच असतो, जागेत बसतोही छान. पण त्यातल्या ‘मुळे’ला पोलिसांच्या सांगण्याखेरीज आधार काय, हे मूळ इंग्रजी मजकुरात बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात दडलेलं असतं किंवा नसतंच. अशा वेळी ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे दोन शब्द मथळ्यात बसत नसतील तर मथळा बदलावा. एकट्यादुकट्या माणसाने काच फोडली असेल तर ‘काच फोडणारा’ म्हणावं. ‘हुलिगन’ म्हटलं की त्याच्याबरोबर उभे असलेले पाच हजार जणही आत ओढले जातात.

हे सगळं १९८९ चं, आता जुनं झालं, असं वाटत असेल तर २८ मे २०२२ चं पॅरिस पाहा. स्टाद द फ्रान्स मैदान, चॅम्पियन्स लीगची फायनल, लिव्हरपूल विरुद्ध रेआल माद्रिद. लिव्हरपूलचे हजारो लोक एका पुलाखालच्या अरुंद वाटेवर आणि बंद दारांपुढे तासन्‌तास अडकले, त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला, सामना ३५ मिनिटांहून जास्त उशिरा सुरू झाला. फ्रान्सचे गृहमंत्री जेराल्ड दारमानँ यांनी लगेच सांगितलं की तीस-चाळीस हजार इंग्लिश लोक बनावट तिकीट घेऊन किंवा तिकिटाशिवाय आले होते. दारांवरच्या यंत्रांनी नोंदवलेली बनावट तिकिटं निघाली २,५८९. फेब्रुवारी २०२३ मध्ये युएफाने, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या युरोपीय फुटबॉल संघटनेने, नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफाचीच ठरवली. लिव्हरपूलचे लोक म्हणजे धोका, या जुन्या गैरसमजावर पोलिसांचा बंदोबस्त बेतला होता, असंही त्या समितीने नोंदवलं. आणि त्या दिवशी कुणाचा जीव गेला नाही याचं श्रेय तिने दिलं, ते दारांपुढे अडकूनही रेटारेटी न करता एकमेकांना सांभाळणाऱ्या प्रेक्षकांना.